टोपलीखालचं कोकरू

मेंढ्या व्यायला लागल्या की पाऊस येऊ नये. आलाच तर गारठा घेऊन येऊ नये, आणि गारठा घेऊन आलाच तर निदान मुक्काम ठोकू नये. त्या साली मेल्याने तिन्ही केलं. आभाळ जे गळायला लागलं ते थांबायचं नाव घेईना. मेंढवाड्यातला पेंढा खालून भिजला, वरून भिजला आणि त्याला कुबट वास सुटला. लोकर पाणी पिऊन अशी जड झाली की गाभण मेंढी एकदा बसली की उठवायला दोन माणसं लागायची. आणि घरात माणसं तरी किती? म्हातारी, तिचा धाकटा मुलगा आणि त्याची बायको. थोरला शहरात. तो फोनवरून "काळजी घ्या" म्हणायचा. काळजी काय कोपऱ्यात पडलेली असते, उचलली आणि घेतली!

सुनेला सगळे धाकटी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा थोरली घरात होती म्हणून ही धाकटी. पुढे थोरली नवऱ्यामागे शहरात गेली, हिच्या कपाळावरचे केस पांढरे झाले, तरी नाव तेच राहिलं. पण धाकटीच्या हाताला यश आहे, हे आसपासच्या चार वाड्यांवर कुणीही सांगितलं असतं. कोकरू निपचित पडलं तरी ती हबकायची नाही. बोट घालून त्याच्या तोंडातला चिकटा काढायची, मागचे पाय धरून उलटं लोंबकळवायची, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवायची, मूठभर पेंढ्याने बरगड्या खसाखसा घासायची. तरी हूं की चूं झालं नाही तर त्याच्या नाकातोंडाला तोंड लावून फुंकायची. एवढं सगळं दूध उतू जायच्या आत. मग कोकरू शिंकायचं, मान हलवायचं, आणि ही दुसरीकडे वळायची.

हे सगळं तिला म्हातारीने शिकवलं होतं. चोखत नसेल त्या कोकराला पाजायचं कसं, तेही. जबड्याच्या मागे, कानाच्या खाली एक खळगा असतो. तिथे अंगठा दाबला की तोंड आपोआप उघडतं. मग चमच्याने चीक सोडायचा. घसा हलला की म्हातारी म्हणायची, "गिळलं म्हणजे जगलं!" आणि पुढच्या मेंढीकडे जायची. त्या घरात ही म्हणच होऊन बसली होती.

आणि टोपलीसुद्धा म्हातारीचीच. वाड्याला लागून एक पडवी होती, तिथे चुलीच्या भिंतीशी वेताची मोठी टोपली पालथी घातलेली असे. एखादं कोकरू हातात आलं की म्हातारी त्याची पापणी उलटी करून बघे, तोंडात बोट घाली. तोंड आतून गार लागलं आणि जीभ बोटाला वळलीच नाही की ती मान हलवायची. ते कोकरू गोणपाटात गुंडाळून टोपलीखाली ठेवायचं. उबेला, अंधारात, कुणाच्या पायात येणार नाही असं. आणि एकदा टोपली पडली की हात लावायचा नाही. कुणीही नाही. मालकानेसुद्धा नाही.

नवी असताना धाकटीने हा नियम मोडला होता. चोरून टोपली उचलून ती कोकराला दूध थेंब थेंब सोडत राहिली. ते ना धड जगलं ना धड मेलं, दिवसचे दिवस नुसतं कण्हत राहिलं. म्हातारी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, तू त्याचं मरण लांबवलंस. जगणं नाही लांबवलंस." धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

पावसाने जरा उघडीप दिली की वाड्याच्या बुटक्या भिंतीवर तिघं म्हातारी माणसं येऊन बसायची. एक आपली म्हातारी, एक लोहार आणि एक रिटायर मास्तर. तिघांचे मिळून कामाचे असे दोनच गुडघे होते, असं लोहार म्हणायचा. लोहाराचा डावा डोळा ठिणगीने गेलेला, मास्तरांना ऐकू कमी. बोलणं मात्र असं तडफदार की मेंढ्यासुद्धा माना वर करून बघत.

एकदा एक मेंढी ओढ्याच्या घसरड्या काठावरून खाली पडली आणि तिचा कणा मोडला. म्हातारीच्या मुलाने तिला खांद्यावर घालून आणलं. ढोरांचा डॉक्टर आला, दाबून बघितलं आणि म्हणाला, "हिचं काही होणार नाही. सुई देऊन टाकतो." मुलगा वाड्याबाहेर निघून गेला. त्याला बघवायचं नाही, लहानपणापासूनचं होतं ते. म्हातारीने मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं, कानामागे खाजवत राहिली. डॉक्टरने सुई दिली. मेंढीने एक मोठा श्वास सोडला आणि तिचं डोकं मांडीवर जड झालं.

"तिला कळलं का रे काही?" म्हातारीने विचारलं.

"नाही आजी. झोप लागावी तसं."

"तुझ्या बॅगेत आणखी एक असेल ना?"

"कशाला? दुसरी पण पडलीय का मेंढी?"

"मेंढी नाही. मला ठेव एक. आत्ता नको. लागेल तेव्हा सांगेन."

भिंतीवर हशा पिकला. लोहार तर खोकत खोकत हसला. डॉक्टरही हसला, पण म्हातारी हसत नाही म्हटल्यावर त्याने बॅग बंद केली. "आजी, मेंढीला मागता येत नाही म्हणून तिला देता येते. तुम्ही तोंडाने मागता, म्हणून तुम्हाला देता येत नाही. मी आत जाईन ना!"

"उलटंच की रे सगळं," म्हातारी म्हणाली आणि मांडीवरचं डोकं हलकेच खाली ठेवलं.

डॉक्टर गेल्यावर लोहाराने तोंड सोडलं. "वहिनी, हे काय बोलणं? जेवढा वारा भात्यात भरलाय तेवढा निघेपर्यंत थांबायचं. आपण कोण मध्येच भाता फाडणारे?"

"भाऊजी, माझा वारा मला कुठं फाडायचाय? संपला की वरून दुसऱ्या कुणी फुंकू नये, एवढंच माझं म्हणणं."

"मास्तर, सांगा हिला."

मास्तरांनी कानामागे हात धरला, सगळं पुन्हा मोठ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठल्या कुठल्या देशात आहे म्हणे असा कायदा. माणसानेच सांगायचं, आता पुरे. डॉक्टर औषध देतात. वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण मग म्हटलं, उद्या तो कायदा आपल्याकडे आला, तर सून सकाळी चहा देताना विचारायची, 'बाबा, तुमचं कधी ठरतंय?' आणि विचारलं नाही तरी मला आपलं वाटत राहायचं की ती विचारतेय."

मग लोहारानेच वातावरण हलकं करायचं म्हणून म्हटलं, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो."

"सोकावू दे की," म्हातारी म्हणाली. "माझ्यात कुठं एवढी गोडी उरलीय, की काळ पुन्हा पुन्हा यायचा!"

धाकटी खाली बसून मेलेल्या मेंढीची लोकर कातरत होती. तिने ऐकलं सगळं, पण मान वर केली नाही.

बोलायचं ते म्हातारी तिच्याशीच बोलली, खुरं साफ करताना. ओलीत उभं राहून मेंढ्यांची खुरं कुजायला लागली होती. म्हातारी मेंढीला आडवी धरून बसायची आणि धाकटी सुरीने खुराचा सडका भाग तासून औषध लावायची. त्या दिवशी म्हातारीच्या हातून मेंढी दोनदा निसटली.

"आत्याबाई, दमलात. ठेवा."

"दमले नाही. उजव्या हाताला कळतच नाही काय धरलंय ते." म्हातारीने बोटं उघडझाप करून दाखवली. "मागे सकाळी तोंड वाकडं झालेलं आठवतं? दुपारपर्यंत सरळ झालं. मी म्हटलं, वारं लागलं. वारं नव्हतं ते. तुझ्या सासऱ्याचंही असंच सुरू झालं होतं."

सासऱ्याला धाकटीने पाहिलं नव्हतं. तिच्या लग्नाआधीच तो गेला होता.

"अर्धं अंग गेलं होतं," म्हातारी सांगत होती. "आतल्या खोलीत पडून होता. बोलता यायचं नाही, पण समजायचं सगळं. एक दिवस त्याने दात आवळले. मी चमचा पुढे केला की दात आवळायचा. मला वाटलं, चिडलाय. मग मी कोकराला लावतात तसा अंगठा लावला. उघडलं तोंड. उघडणारच! जबड्याला कुठं कळतं मालकाच्या मनात काय आहे? घशात पडलं की घसा गिळतो. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगायची, गिळलं म्हणून. आणि तो माझ्याकडं बघायचा. मेला तोवर बघत होता, पोरी."

धाकटीची सुरी थांबली होती. मेंढीने पाय झाडला, तसं औषध दोघींच्या अंगावर उडालं.

"माझं तसं नको करूस. मी पडले तर पडू दे. उठवू नकोस. आणि चुकून पडूनही राहिलेच, आणि मी तोंड मिटलं, तर ते मिटलेलं राहू दे. मला आपली टोपलीखाली ठेव. उबेला ठेव, अंधारात ठेव, आणि हात लावू नकोस."

"असं काय बोलता हो..."

"ह्याला सांगू नकोस." ह्याला म्हणजे मुलाला. "तो रडका आहे. आईचं असं काही ऐकलं तर मला उचलून शहरात नेऊन टाकेल. तूही रडकीच आहेस म्हणा. पण तू शब्दाला जागशील. दे शब्द."

धाकटीचे हात औषधाने निळे झाले होते. तसाच तिने एक हात पुढे केला. म्हातारीने तो डाव्या हाताने धरला, कारण उजव्यात जोर नव्हता. "बोल की."

"दिला," धाकटी म्हणाली. मनातून तिला वाटलं, आत्ता तरी देऊन टाकू, वेळ कुठं एवढ्यात येतेय.

वेळ कुणाला सांगून येते? एका सकाळी पावसाने पुन्हा झोडपायला सुरुवात केली. मुलगा भाकड मेंढ्या घेऊन वरच्या अंगाला गेला होता. वाड्यात एकदम तीन मेंढ्या अडल्या. म्हातारीला धाकटीने घरातच बसायला सांगितलं होतं, पण ती कसली ऐकतेय! उजवा पाय फरफटत, डोक्यावर गोणपाट घेऊन आलीच. "तीन मेंढ्या आणि दोनच हात? तुझी काय जत्रा लागलीय का?" म्हणाली आणि तिसऱ्या मेंढीपाशी बसली.

पहिलीचं कोकरू निळं पडून आलं. धाकटीने चिकटा काढला, उलटं धरलं, घासलं, शिंकलं. ठेवलं. दुसरीचं पायाळू होतं. पाय आधी आले आणि डोकं आत अडकलं. ओढून काढलं तेव्हा त्याचा श्वास नव्हता. बोट, काडी, पेंढा, फुंकर. आलं. धाकटीचा घाम आणि पाऊस एक झाला होता. ओठांवर चिकट खारट चव होती.

"हे पण आलं," पलीकडून म्हातारी म्हणाली. "चांगलं दांडगं आहे. धर गं ह्याला, माझ्या हातात..."

एवढंच. धाकटी वळली तेव्हा म्हातारी कुशीवर आडवी झाली होती. तोंड पेंढ्यात, डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळे. छाती हलत नव्हती.

आणि मग जे झालं ते धाकटीने केलं असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. ते तिच्या हातांनी केलं. बोट तोंडात गेलं, मागे पडलेली जीभ पुढे ओढली, घशातला चिकटा काढला. अंग पालथं केलं, पाठीत थापा मारल्या. काडी नाकात फिरली. मूठभर पेंढा घेऊन बरगड्या इतक्या जोरात घासल्या की म्हातारीची कातडी सोलवटली. तरी काही नाही म्हटल्यावर तोंडाला तोंड लावून फुंकलं. पुन्हा फुंकलं. नाव नाही, नातं नाही, शब्द नाही, टोपली नाही. पुढ्यात एक गार पडत चाललेला जीव आहे एवढंच त्या हातांना ठाऊक होतं.

म्हातारीच्या घशातून घर्र असा आवाज आला. छाती वर आली. आली आणि खाली गेली, आणि पुन्हा वर आली.

"आलं!" धाकटी ओरडली. कोकराला म्हणतात तसंच, "आलं!"

मग म्हातारीचा एक डोळा उघडला. दुसरा उघडला नाही. उघडलेला डोळा आधी छपराकडे गेला, मग हळूहळू धाकटीच्या तोंडावर येऊन थांबला. तेव्हा धाकटीला आठवलं.

ती तशीच मागे पेंढ्यात बसली. तिसरं कोकरू तिच्या टाचेला लागलं. दांडगं होतं खरंच. नाकावरचा पडदा कुणी काढला नव्हता, बस. एवढ्याने ते गुदमरून मेलं होतं. त्याची आई त्याला चाटत होती आणि हाका मारत होती.

तालुक्याच्या दवाखान्यात म्हातारीला ठेवून घेतलं, नळ्या लावल्या, मग काढल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "आता घरीच न्या, सेवा करा," असं सांगितलं. बोलताना डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही होतात म्हणून वाचल्या," म्हणाल्या. धाकटीला वाटलं, हिने हात काढावा.

घरी आल्यावर तर विचारू नका. जो येईल तो धाकटीचं कौतुक करायला लागला. लोहार काठी टेकत आला आणि दारातूनच म्हणाला, "देव तारी त्याला कोण मारी!" शेजारणींनी तिला जवळ घेतलं. थोरल्याने फोनवर रडून घेतलं. नवरा लग्नात बोलला नसेल एवढं त्या दिवसांत बोलला. जो भेटेल त्याला वाटेत थांबवून सांगायचा, "माझ्या आईला हिने परत आणलं. नुसत्या हातांनी!" कौतुक ऐकताना धाकटी घर झाडत राहायची. झाडलेलं पुन्हा झाडायची.

मास्तर तेवढे काही बोलले नाहीत. म्हातारीच्या खाटेशी बसले, तिचा डावा हात हातात घेऊन राहिले आणि उठले. जाताना धाकटीला म्हणाले, "पोरी, तुझी काही चूक नाही."

"मग माझ्याकडं बघून सांगा ना, मास्तर."

मास्तरांना ऐकू आलं नसावं. किंवा आलंही असेल. ते पायऱ्या बघत बघत उतरून गेले.

खाट आतल्या खोलीत टाकली होती, सासऱ्याची होती तिथेच. धाकटी म्हातारीचं अंग पुसायची, कूस बदलायची, खालचं कापड काढून धुवायची. बरगड्यांवरच्या पेंढ्याच्या ओरखड्यांना मलम लावायची. लावताना मान वर करायची नाही. पहिले काही दिवस म्हातारी चमच्याने पेज घेत होती. मग तिच्या डाव्या हाताने एक नवीनच सवय धरली. अंगावरचं घोंगडं तो हात हळूहळू वर ओढायचा. छातीवरून गळ्यावर, गळ्यावरून तोंडावर, आणि पार डोक्यावरून घ्यायचा. मग हात बाजूला पडायचा आणि घोंगड्याखाली सगळं शांत व्हायचं.

"थंडी वाजतेय आईला," नवरा म्हणायचा आणि तोंडावरचं घोंगडं खाली करून वर दुसरं घालायचा. "आई, गुदमरशील की गं!"

थंडी कुठली? धाकटीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं. आत्याबाई स्वतःवर टोपली घालून घेत होत्या.

आणि मग एका सकाळी म्हातारीने दात आवळले.

नवऱ्याने चमचा घेतला, बाळाला सांगतात तसं सांगून बघितलं. पेज ओठांवरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून उशीत गेली. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी म्हातारीचे ओठ सुकून फुटले. धाकटीने ओला बोळा ओठांवरून फिरवला, तेवढा तिने फिरवू दिला.

"तू पाज," नवरा म्हणाला. "तुझा हात आहे."

"नको."

"नको म्हणजे? उपाशी मरेल ती!"

धाकटी घडवंचीचा आधार घेऊन उभी होती. शेवटी तिने सांगितलं. खुरं साफ करताना झालेलं बोलणं, सासऱ्याचं, टोपलीचं, दिलेला शब्द, सगळं. नवरा ऐकत राहिला. म्हातारीसुद्धा उघड्या डोळ्याने ऐकत होती.

"तेव्हा म्हणाली असेल," नवरा म्हणाला. "तेव्हा धडधाकट होती. भिंतीवर बसून गप्पा मारताना माणूस काहीही बोलतं. आत्ता तिला काय हवंय ते कुणाला माहीत?"

"विचारा ना मग."

तो खाटेशी वाकला. "आई, खायचंय ना गं? जगायचंय ना? माझा हात दाब."

त्याने आपला हात तिच्या डाव्या हातात दिला. म्हातारीने तो दाबला नाही. त्याच्या पंजावर तिने आपली बोटं हळूच फिरवली, मेंढीच्या कानामागून फिरवायची तशी. मग तो हात सुटला आणि घोंगड्याची कड शोधू लागला.

"बघितलंस? कुरवाळलं मला!" नवरा उठला, आणि त्याला हुंदका फुटला. एवढा मोठा बाप्या माणूस, दाराच्या चौकटीला डोकं लावून हमसाहमशी रडला. "मला नाही बघवत गं. उद्या मी म्हणू, आई डोळ्यांदेखत उपाशी मेली आणि मी बघत बसलो? शब्द तू दिलास. मी कुठं दिलाय?"

तो तरातरा वाड्यात गेला आणि न चोखणाऱ्या कोकरांना घशातून पाजायची रबरी नळी घेऊन आला, गरम पाण्यात बुडवून, झटकत. "तू नाही तर मी."

त्याला ती नळी कधी नीट घालता आली नव्हती. एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा दूध फुप्फुसात जाऊन कोकरू तडफडून मेलं होतं. म्हातारीने ती नळी बघितली आणि तिचा डोळा मोठा झाला. धाकटीकडे वळला.

धाकटीला दिसत होतं सगळं. हा ऐकणार नाही. घालणार आणि घुसमटवून मारणार. आत्याबाईंना टोपलीखालचं मरणसुद्धा मिळायचं नाही.

"द्या इकडं," ती म्हणाली. "ठेवा ती नळी. चमचा द्या."

ती खाटेवर बसली. म्हातारीचं डोकं हाताच्या कोपरात घेतलं. पेज मनगटावर टाकून बघितली, फार गरम नव्हती. "आत्याबाई," ती अगदी कानाशी म्हणाली, "मी नाही पाजलं तर हा नळी घालेल." म्हातारीने दात तसेच ठेवले. धाकटीचा अंगठा जबड्याच्या मागे गेला, कानाच्या खाली. तिने शोधलासुद्धा नाही. खळगा जिथे असतो तिथेच होता.

तोंड उघडलं.

चमचा आत गेला. पेज जिभेवरून मागे गेली. म्हातारीने ती घशाशी थांबवून धरली, धाकटीला अंगठ्याखाली ते जाणवत होतं. सगळं उरलेलं बळ लावून धरली. मग घसा हलला.

"गिळलं!" नवरा मोठ्याने म्हणाला. रडता रडता हसायला लागला. "अगं गिळलं! गिळलं म्हणजे जगलं!" आणि तसाच, पायात चपला न घालता, तो भिंतीवरच्या म्हाताऱ्यांना सांगायला अंगणात धावला. लोहाराचा आवाज आला, "वा रे पठ्ठी!" मास्तरांचा आला नाही.

खोलीत दोघीच उरल्या. धाकटीचा अंगठा अजून तिथेच होता. म्हातारी तिच्याकडे बघत होती. राग असता तर बरं झालं असतं, पण तो नव्हता. हे बघणं कसलं असतं ते म्हातारीनेच तिला सांगून ठेवलं होतं.

"चुकले, आत्याबाई," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी म्हातारीच्या कपाळावर पडलं. तिने ते पुसलं.

म्हातारीच्या डाव्या हाताने घोंगड्याची कड धरली. गळ्यापर्यंत आणली आणि तिथे तो थकला. धाकटीने थोडा वेळ बघितलं. मग तिने कड हातात घेतली आणि घोंगडं आपल्या हाताने वर ओढून म्हातारीच्या तोंडावरून, डोक्यावरून नीट घातलं, बाजूने खोचलं आणि हात काढून घेतला.

वाड्यात एक मेंढी अडल्यासारखी ओरडत होती. धाकटी उठली, चमचा धुतला आणि पालथा घातला. दुपारी तो पुन्हा लागणार होता.